कापली की काढली?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



माझ्या खिशात एक बाटली आहे. इंजेक्शनची असते तशी, रबरी बुचाची. मागच्या रांगेपर्यंत तिच्यात काय आहे ते दिसणार नाही, म्हणून सांगतो. तिच्यात एक तार आहे. जाडीला गोधडीच्या दोऱ्याएवढी, लांबीला माझ्या तर्जनीहून थोडी मोठी. बराचसा भाग निळ्या वेष्टनाचा. एका टोकाचं वेष्टन सोललेलं आणि आतले पोलादी पेड उसवलेले. ही तार एका बाईच्या हृदयाला मी स्वतः टाचली होती. सात वर्षांनी ती मीच बाहेर काढली. मधल्या सात वर्षांत ती तिथे आहे याची शंका ज्या एकाच माणसाला आली, त्या डॉक्टरसाहेबांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते.

संयोजकांनी पत्रिकेवर 'हृदयशस्त्रक्रिया : काल, आज आणि उद्या' असा विषय छापायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, उद्याचं मला काही कळत नाही, आणि कालचं सांगत बसलो तर लोक घड्याळ बघतील. त्यापेक्षा मी एका तारेवर बोलतो. फोनवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग "चालेल" म्हणाले. त्यांचे आभार.

बायपास असो, झडप बदलायची असो की जन्मापासूनचं भोक बुजवायचं असो, या शस्त्रक्रियांत बहुतेक वेळा हृदय काही काळ थांबवावं लागतं. काम झालं की ते पुन्हा चालू होतं, पण पहिले दोन-तीन दिवस ते लहरी असतं. ठोके मंदावतात. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाही. त्याला आम्ही हार्ट ब्लॉक म्हणतो. म्हणून छाती बंद करण्याआधी हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा टाचून ठेवतात. सहसा वरच्या उजव्या कप्प्यावर एक जोडी आणि खालच्या उजव्या कप्प्यावर एक जोडी. त्यांची दुसरी टोकं छातीचं मधलं हाड संपतं त्याच्या खालून, कातडीतून बाहेर येतात. उजव्या अंगाला वरच्या कप्प्याच्या, डाव्या अंगाला खालच्या कप्प्याच्या, असा शिरस्ता आहे. त्यामुळे मध्यरात्री धावत आलेल्या नव्या रेसिडेंटलाही कुठली तार कशाची ते विचारावं लागत नाही. हृदय अडखळलं की ही टोकं खाटेशेजारच्या पेसमेकरच्या डब्याला जोडायची आणि ठोका बाहेरून द्यायचा. पुष्कळांना तो डबा लागतही नाही. चार दिवस तारा पोटावर चिकटपट्टीखाली गुंडाळून पडलेल्या असतात आणि पाचव्या दिवशी निघतात.

काढायची रीत बघणाऱ्याला फारच साधी वाटते. भूल नाही, थिएटर नाही. कातडीवरचा टाका कापायचा, तार बोटांत धरायची, पेशंटला खोल श्वास घेऊन सोडायला सांगायचं आणि हलक्या, एकसारख्या ओढीने ती बाहेर घ्यायची. झटका द्यायचा नाही. पेशंट सांगतात, आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. पुढचा तासभर त्याला खाटेवरून उठू देत नाहीत आणि सिस्टर पुन्हा पुन्हा रक्तदाब बघत राहते. कारण तार निघते त्या जागी क्वचित रक्तस्राव होतो. हृदयाच्या पिशवीत रक्त साठलं तर हृदय दाबलं जातं, आणि मग मिनिटांचा हिशेब असतो. त्या तासात पेशंटला वाटतं, एवढ्याशा दोऱ्यासाठी केवढी ही कटकट.

या तारेचं मूळ अमेरिकेत, मिनेसोटात आहे. ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्या उपयोगाचं एक कलम आहे.

१९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी मुलांच्या हृदयातली भोकं बुजवायला सुरुवात केली. हार्ट-लंग मशीन तेव्हा नीट हाताशी आलेलं नव्हतं. म्हणून मुलाच्या आईचा किंवा बापाचा रक्तप्रवाह त्याच्या रक्तप्रवाहाला जोडून शस्त्रक्रिया चाले. एका टेबलावर मूल आणि शेजारच्या टेबलावर त्याचं जिवंत यंत्र. आज ऐकतानाही काटा येतो. भोक बुजे, पण काही मुलांच्या हृदयातला निरोपाचा मार्ग टाक्यात सापडे आणि हार्ट ब्लॉक होई. त्यातलं मूल सहसा वाचत नसे. बोस्टनचे पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे धक्के देऊन हृदय चालवून दाखवलं होतं. पण कातडी ओलांडून हृदयापर्यंत पोचायला त्या धक्क्यांना भरपूर व्होल्ट लागत. कातडी भाजे आणि जागं मूल प्रत्येक धक्क्याला कळवळे.

१९५६ मध्ये मृत्यूंची चर्चा करायच्या एका बैठकीत जॉन जॉन्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सुचवलं, की प्रयोगशाळेत स्नायूंना उत्तेजना देणारं एक यंत्र पडून आहे, त्याची तार थेट हृदयालाच का जोडू नये? हृदयाला धक्का थेट दिला तर थोडक्या व्होल्टवर ठोका मिळतो. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि ३० जानेवारी १९५७ रोजी एका मुलीच्या हृदयाला ती तार लागली. मुलगी वाचली. हृदयाची स्वतःची लय परत आली की तार ओढून काढायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मी म्हणतो ते कलम हेच. ती तार आत राहण्यासाठी नव्हतीच.

पुढची गंमत अशी, की ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. मूल एक्स-रेला न्यायचं तर मागून लांबच लांब वायर. १९५७ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मिनियापोलिसमध्ये वीज गेली. त्या रात्री काय घडलं याच्या कथा वेगवेगळ्या ऐकू येतात, पण लिलेहाय यांना बॅटरीवर चालणारं काहीतरी हवं झालं हे नक्की. त्यांनी अर्ल बॅकन या तरुण इंजिनिअरला गाठलं. बॅकन इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करत आणि त्यांची कंपनी एका गॅरेजमध्ये होती. त्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकातला मेट्रोनोमचा नकाशा आठवला. मेट्रोनोम म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ठेका मोजून देणारं यंत्र. दोन ट्रान्झिस्टरांचा तो ठेका त्यांनी चार आठवड्यांत हृदयाचा ठोका केला. आमचे एक तबला वाजवणारे मित्र ही गोष्ट ऐकून म्हणाले, म्हणजे अखेर तालच तारतो. मी त्यांना म्हटलं, तार नसेल तर ताल पोचणार कुठून?

तर तार काढायचीच असते. पण दर वेळी ती निघत नाही. हृदय बाहेरच्या पिशवीला चिकटलेलं असतं, कुठे वळण पडलेलं असतं, किंवा एखादा टाका जवळून गेलेला असतो. ओढ दिली की येत नाही, आणि आणखी जोर लावला तर हृदयाची भिंत किंवा नवी जोडलेली बायपासची शीर फाटायची भीती. कधी रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा अंमल नको तेवढा झालेला असतो आणि त्या दिवशी तार ओढणं धोक्याचं असतं. अशा वेळी कातडी जरा खाली दाबायची, तार ताणायची आणि कातडीशी लागून निर्जंतुक कात्रीने कापायची. टोक आत सरकतं, वरचं भोक दोन दिवसांत मिटतं. हा हलगर्जीपणा नाही. कोणी तुम्हाला सांगितलं, की तुमच्या काकांच्या छातीत डॉक्टर तार विसरले, तर लगेच विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा ती विसरलेली नसते, जाणूनबुजून ठेवलेली असते.

आणि बहुतेक वेळा पुढे काहीही होत नाही. शरीर तारेभोवती पांढरट म्यान विणतं आणि तिला विसरून जातं. असे असंख्य लोक जगात हिंडत आहेत, या सभागृहातही एखाददुसरे असतील.

ज्या मोजक्या जणांच्या बाबतीत काही होतं, त्यांच्या हकिगती वैद्यकीय नियतकालिकांतून अधूनमधून छापून येतात. मी वर्षानुवर्षं त्या वाचत आलो. छंद म्हणा हवं तर. एकाला खोकला येत राहिला आणि दुर्बीण घातल्यावर श्वासनलिकेत धातूचं टोक दिसलं. कोणाच्या तारेने उजव्या कप्प्याची भिंत ओलांडली आणि ती रक्ताबरोबर फुफ्फुसाच्या धमनीत पोचली. कोणाची खाली पोटाच्या पोकळीत उतरली. कोणाच्या छातीवर पू येणारं छिद्र वर्षभर वाहत राहिलं. शस्त्रक्रिया आणि तक्रार यांत कधी महिने गेलेले असतात, कधी दहा वर्षांहून अधिक.

तार चालते कशी, असं तुम्ही विचाराल. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकसतं. सात वर्षांचे झाले पंचवीस कोटी ठोके. दर ठोक्याला केसाच्या जाडीइतकं ढकललं तरी टोकदार वस्तू कुठल्या कुठे जाईल. भर म्हणून फुफ्फुसंही दर श्वासाला वरखाली होत असतात. म्यान घट्ट बसलं तर तार जागची हलत नाही. ते सैल राहिलं, तर रोज थोडी थोडी वाट कापली जाते.

पू होण्याचं कारण वेगळं. ही तार चार-पाच दिवस एका टोकाने जगात आणि दुसऱ्या टोकाने हृदयावर होती. कातडीवरचे जंतू तिच्या अंगाने आत उतरू शकतात. पेड असलेल्या तारेच्या सांदीत ते बसतात, स्वतःभोवती चिकट साय धरतात आणि झोपल्यासारखे राहतात. प्रतिजैविकं त्या सायीपलीकडे नीट पोचत नाहीत. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत छिद्र सुकतं आणि थांबल्या की महिनाभरात पुन्हा वाहतं. हे चक्र ज्याच्या छातीवर दोनदा दिसलं, त्याच्या आत काहीतरी परकं आहे असंच धरून चालावं. आपल्याकडे मात्र छातीवरचं वाहतं छिद्र म्हटलं की पहिला संशय क्षयाचा. तो घ्यायलाच हवा, चूक नाही. चूक तिथेच थांबण्यात होते.

आता त्या बाईंकडे येतो. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन डावीकडची झडप आखडलेली, वय तिशीचं, घरी शेती आणि एक मुलगी. आम्ही धातूची झडप बसवली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे मी आजही म्हणतो. पाचव्या दिवशी तारा काढायच्या तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे त्याचा आकडा, फार वर गेलेला. दोन दिवस थांबलो. मग ओढून बघितलं, दोन तारा निघाल्या आणि दोन निघेनात. मी कापल्या आणि राउंड पुढे नेला. आठव्या दिवशी बाई घरी गेल्या.

सात वर्षांनी हाडाच्या खालच्या टोकाशी पुळी आली. फुटली, सुकली, परत आली. तालुक्याला प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. मग कोणीतरी क्षयाची औषधं सहा महिने दिली. गावात डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता, म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असलेली ती दोन खोल्यांची जागा. बाई रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डोस विचारायला त्यांच्याकडे जात. एके दिवशी त्यांनी पिशवीतला एक्स-रे मागितला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

एक्स-रेत अशा पेशंटच्या छातीचं मधलं हाड बांधलेल्या जाड तारा दिसतात. पिळलेल्या, गोल, एकाखाली एक. त्या कायमच्याच असतात. बघणाऱ्याची नजर त्यांची ओळख पटली की पुढे सरकते. डॉक्टरसाहेबांची सरकली नाही. हृदयाच्या सावलीवर त्यांना आणखी दोन नागमोडी रेघा दिसल्या, केसासारख्या. मग त्यांनी माझं डिस्चार्ज कार्ड वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, आणि औषधाच्या चिठ्ठीवर मला मराठीत तीन वाक्यं लिहून पाठवली. बाईंच्या छातीत हाडाच्या तारांखेरीज दोन रेघा दिसतात. तुमच्या कार्डावर पेसिंग वायर्स काढल्याचं लिहिलं आहे. मग या कसल्या?

मी जुनी फाइल काढायला लावली. तारा बसवल्याचं शस्त्रक्रियेच्या टिपणात होतं, माझ्याच अक्षरात. दोन कापल्याचं सिस्टरने वॉर्डच्या नोंदीत लिहिलं होतं, वेळेसकट. डिस्चार्ज कार्ड मात्र साच्यातून टाइप झालेलं. त्या साच्यात एक वाक्य आधीपासूनच असे : पेसिंग वायर्स काढल्या. नाव आणि तारीख बदलायची, वाक्य तसंच राही. मी खाली सही केली होती. कापली आणि काढली, मराठीत एका अक्षराचा फरक. त्या एका अक्षरावर बाईंनी सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या.

चूक कार्ड भरणाऱ्या रेसिडेंटची, असं काही सहकारी म्हणाले. मला ते पटलं नाही. सही वाचून करायची असते.

बाई आल्या तेव्हा आमची पहिली धास्ती वेगळीच होती. आत धातूची झडप, जवळच पुवाची वाट. जंतू रक्तात शिरून झडपेवर बसले असते तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. रक्ताचे कल्चर पाठवले, एको केला, सीटी स्कॅनमध्ये तारेचं आतलं टोक शोधलं. ते भिंतीत होतं, कप्प्यात शिरलेलं नव्हतं. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवून हेपारिनच्या इंजेक्शनवर घेतलं आणि पूर्ण भूल देऊन, छाती पुन्हा उघडावी लागली तर सगळं मांडून ठेवून, फक्त खालच्या बाजूने छोटा छेद घेतला. छिद्रात निळं औषध सोडलं, त्या रंगाच्या मागावर गेलो. म्यान लागलं. ते चिरलं आणि तार अलगद हातात आली, जणू ओढायची वाट बघत होती. सात वर्षांपूर्वी याच तारेने मला दाद दिली नव्हती. आतून चमचाभर पू आला. सगळं मिळून पाऊण तास.

अशी तार नेमकी कुठे गेली आहे त्यावर बाकीचं ठरतं. श्वासनलिकेत असेल तर दुर्बिणीतून चिमट्याने धरतात. रक्तवाहिनीत असेल तर मांडीच्या शिरेतून फासा नेऊन ओढतात. कप्प्याच्या भिंतीत रुतलेली असेल तर छाती उघडण्यावाचून इलाज नसतो. आणि काही तक्रार नसेल, तर आत तार आहे एवढ्यासाठी कोणी ती काढायला जाऊ नये. काढण्याचा धोका तिथे ठेवण्याहून मोठा असतो.

हमखास येणारा एक प्रश्न एमआरआयचा. कापलेली तार असलेल्या माणसाला एमआरआय नाकारला जातो, मणक्याच्या दुखण्याला, मेंदूच्या गाठीला. भीती अशी, की तार तापेल किंवा हृदयात वीज सोडेल. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा तारा राहिलेल्या ५१ जणांचे एमआरआय करून अनुभव छापला. कोणाला काही झालं नाही. पेसमेकरच्या कायमच्या लीड्स वेगळ्या, त्यांची गल्लत करू नका. पण एमआरआयवाल्याला हा फरक करायचा तर आत नक्की काय आहे ते कागदावर लिहिलेलं लागतं. कागद कोरा असेल तर तो नाहीच म्हणणार, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या चिठ्ठीनंतर आमच्या युनिटच्या साच्यातून ते वाक्य मी काढून टाकलं. त्या जागी मोकळी ओळ ठेवली : तारा किती बसवल्या, किती काढल्या, किती कापल्या. हाताने भरायची. पहिले काही महिने रेसिडेंट कुरकुरत. एकाने मला विचारलं, "सर, कापली असं लिहिलं तर नातेवाईक भांडायला नाही येणार?" येतात. मी अर्धा तास बसून समजावतो. एक जण समजावूनही वकिलाकडे गेला होता, तोही शेवटी शांत झाला. शहरात मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया होते, पण पुढची वीस-तीस वर्षं ते हृदय सांभाळतो तो दोन खोल्यांच्या दवाखान्यातला डॉक्टर. त्याच्यापर्यंत फक्त तो कागद पोचतो, लॅमिनेट केलेला, रेशनकार्डाबरोबर पिशवीत ठेवलेला. म्हणून ती ओळ मी मराठीतही लिहायला लावली.

बाईंना घरी सोडायच्या दिवशी मुलगी बरोबर होती, सहावी-सातवीतली. दुसरी तार, उजव्या अंगाची, मी आतच ठेवली होती. ती पक्की चिकटलेली होती, तिच्याभोवती पू नव्हता, स्कॅन स्वच्छ होता. नवं कार्ड बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते मुलीकडे दिलं आणि म्हणाल्या, "वाच गं." मुलीने बोट ठेवून मोठ्याने वाचलं : पूर्वी कापलेल्या तारा दोन. आज काढली एक. आत आहे एक.

"म्हणजे अजून एक हाय," बाई म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी कार्ड घडी न घालता पिशवीत सरकवलं आणि मुलीला विचारलं, यष्टी किती वाजता हाय.